सर्व्हरचं नेटवर्क अर्धा मिनिट जातं आणि आपोआप परत येतं. नेटवर्क कार्ड बदलू का?

तुम्ही लिहिलंय की अंधेरीच्या ऑफिसातल्या लिनक्स सर्व्हरला दर ५ सेकंदांनी पिंग (उत्तर येतंय का ते पाहणारा छोटा संदेश) लावलाय, दिवसातून तीन-चारदा साधारण अर्धा मिनिट उत्तर येत नाही आणि मग सगळं सुरळीत होतं. कार्डाला एवढ्यात हात लावू नका.

मला तुमचा ‘अर्धा मिनिट’च जास्त बोलका वाटतो. जुन्या पद्धतीचा स्पॅनिंग ट्री (स्विचेसमध्ये डेटा गोल फिरत राहू नये, म्हणजे लूप होऊ नये, म्हणून असलेली व्यवस्था) चालू असलेल्या स्विचवर पोर्टची लिंक, म्हणजे केबलवरचा संपर्क, पडून उठली, की तो पोर्ट १५ सेकंद नुसता ऐकतो, पुढचे १५ सेकंद शिकतो आणि त्यानंतरच डेटा पुढे सोडतो. संपर्क सेकंदभर तुटला तरी ३० सेकंद जातात ते असे. पिंगला यातलं काही दिसत नाही.

म्हणून आधी हे ठरवा, की त्या वेळी लिंक खरंच पडली होती का. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये त्याच वेळेला ‘लिंक इज डाऊन’ आणि पाठोपाठ ‘लिंक इज अप’ दिसतंय का पाहा. शिवाय सिसएफएसमध्ये (लिनक्स हार्डवेअरची माहिती जिथे फाइलींच्या रूपात दाखवतं तिथे) त्या नेटवर्क इंटरफेसच्या फोल्डरात ‘कॅरिअर चेंजेस’ नावाची फाइल असते. लिंक एकदा पडून उठली की तिच्यातला आकडा २ ने वाढतो. तो दर मिनिटाला मॉनिटरिंगमध्ये घ्या. मधल्या वेळात काही घडलं तरी आकडा वाढलेलाच राहतो. (सर्व्हर रीस्टार्ट केला की मोजणी नव्याने, हे धरून चाला.)

लिंक पडत असेल तर संशय आधी केबलवर. इथटूल या लिनक्सच्या कमांडने लिंकचा वेग (मेगाबिटमध्ये) बघा. १००० ऐवजी १०० दिसत असेल तर एखादी जोडी तुटली असण्याची शक्यता मोठी: गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला फक्त १-२ आणि ३-६ या पिनांवरच्या दोन जोड्या पुरतात. मग इथटूलचेच एररचे आकडे काढा. सीआरसी एरर (वाटेत बिघडून आलेला डेटा) किती आहेत यापेक्षा तासाभरात किती वाढल्या ते महत्त्वाचं.

बदलायचा क्रम असा: पॅच कॉर्ड (दोन्हीकडे प्लग असलेली छोटी केबल), स्विचचा पोर्ट, भिंतीतली केबल, सगळ्यात शेवटी कार्ड. एका वेळी एकच, आणि मध्ये एक दिवस जाऊ द्या, नाहीतर दोष कशात होता ते कधीच कळणार नाही. भिंतीतल्या एकसंध तारेच्या केबलला थेट प्लग क्रिम्प केलेला असेल तर तो जरा हलला तरी संपर्क सुटतो. तिथे जॅक बसवून फॅक्टरीत तयार झालेली कॉर्ड लावा. मुंबईच्या पावसाळ्यात रात्री एसी बंद होणाऱ्या खोलीत पिनांवर गंज धरतो, तेही उजेडात नीट बघा. फॉल्स सीलिंगमधले उंदीर वेगळेच. लॅमिंग्टन रोडला केबल घेताना ‘पूर्ण तांब्याची’ असं स्पष्ट मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त पडते आणि वाकवताना तुटते.

केबल ठीक निघाली तर वीज वाचवणारं ईईई इथटूलने बंद करून बघा. काही कार्ड-स्विच जोड्यांत त्यानेच लिंक पडते. आणि वेग एकाच बाजूला पक्का करून ठेवू नका. दुसरी बाजू ऑटोवर असेल तर ती हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकाच दिशेने डेटा) जाते, मग लिंक दिसते पण काम रखडतं.

लिंक पडतच नसेल तर केबल सोडा. तोच आयपी दुसऱ्या कुणी घेतलाय का ते आर्पिंग या कमांडने तपासा, आणि वरच्या स्विचचा लॉग मागा.

स्विचवर सर्व्हरच्या पोर्टला एज पोर्ट, म्हणजे न थांबता लगेच डेटा सोडणारा पोर्ट, करा (सिस्कोवर पोर्टफास्ट), म्हणजे ते ३० सेकंद वाचतील. पण फक्त सर्व्हरच्याच पोर्टला; तिथे कुणी दुसरा स्विच जोडला तर लूप होऊ शकतो. आणि हे केबल तपासल्यावरच करा, कारण खंड सेकंदावर आला की तक्रारी थांबतात आणि खराब केबल तशीच राहते.

दोन कार्डांचं बाँडिंग (दोन्ही मिळून एकच जोडणी) असेल तर एमआयआयमॉन, म्हणजे लिंक किती वेळाने तपासायची ती सेटिंग, बघा: ती ० असेल तर या पद्धतीने लिंक तपासलीच जात नाही. १०० मिलिसेकंद ठेवा.