पाच हजारांत पाचशे बॅकलिंका मिळतायत, घेऊ का? आणि गूगल लिंकांवरून पानाचं वजन नक्की कसं ठरवतं?

घेऊ नका. गुहागरच्या होमस्टेची नवी साइट आणि त्यासाठी पाचशे बॅकलिंका, म्हणजे दुसऱ्यांच्या साइटवरून तुमच्याकडे येणाऱ्या लिंका, हे वाचलं आणि माझा एक जुना दात पुन्हा ठणकायला लागला, म्हणून एवढं लिहितोय.

आमची रत्नागिरीजवळ कलमं आहेत. वाशीच्या दलालाला पेट्या पाठवून कंटाळलो, म्हणून २०१० मध्ये साइट काढली, पुण्या-मुंबईत घरपोच हापूस. साइट मी बांधली, व्यवहार भावोजी बघायचे. पुढच्या वर्षी त्यांनी मला न विचारता एका एजन्सीकडून हजारभर लिंका घेतल्या. तेव्हा ब्राउझरच्या टूलबारवर पेजरँकची, म्हणजे लिंकांवरून गूगलने ठरवलेल्या पानाच्या वजनाची, हिरवी पट्टी दिसायची, शून्य ते दहा. आमची एकवरून तीनवर गेली. भावोजींनी ताईला स्वयंपाकघरातून बोलावून ती पट्टी दाखवली, दहावीचा निकाल दाखवावा तशी. त्यांचं म्हणणं एवढंच, की लिंक म्हणजे मत, आणि मतं कशी मिळतात ते मी तुला सांगायला हवं का?

तिथेच आमचं वाजलं. लिंक मत आहे हे खरं, पण सगळ्या मतांचं वजन सारखं नसतं. गूगल काढणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये पेजरँकचं जे गणित केलं आणि १९९८ मध्ये मांडलं, त्याचा गाभाच तो आहे. (शोधनिबंधांच्या संदर्भांना असंच वजन द्यायचं काम पिन्स्की आणि नरीन यांनी १९७६ मध्येच केलं होतं, पण ते राहू दे.) मी भावोजींना पेटीच्या पुठ्ठ्यावर हिशेब मांडून दाखवला. तीन पानं घ्या. अ ची लिंक ब ला आणि क ला. ब ची फक्त क ला. क ची फक्त अ ला. प्रत्येक पान आपलं वजन बाहेर जाणाऱ्या लिंकांत समान वाटून देतं, त्यातलं ८५ टक्के पुढे पोचतं, आणि ०.१५ प्रत्येकाला फुकट. लिंकांवर क्लिक करत भटकणारा माणूस मधेच कंटाळून भलत्याच पानावर उडी मारतो, त्याची ही तरतूद. सगळ्यांना १ देऊन सुरू करा आणि आकडे हलायचे थांबेपर्यंत फिरवत राहा. शेवटी क ला १.१९, अ ला १.१६ आणि ब ला ०.६४ मिळतात.

अ कडे येणारी लिंक एकच आहे, ब कडेही एकच. तरी अ जवळपास दुप्पट, कारण वजनदार क आपलं सगळं त्याच्याच पदरात टाकतो, आणि ब ला अ चा अर्धाच वाटा मिळतो. आता ज्या पानाकडे कुणी ढुंकून बघत नाही आणि ज्याच्यावर तुमच्यासारख्या चारशे जणांच्या लिंका आहेत, तिथून तुमच्या वाट्याला काय येणार?

भावोजींनी पुठ्ठा उलटा केला आणि मागच्या बाजूला ऑर्डरी लिहायला घेतल्या.

२४ एप्रिल २०१२, अक्षय्य तृतीया. त्याच दिवशी गूगलने पेंग्विन नावाचा बदल आणला, विकतच्या लिंकांना पकडणारा. सणाच्या पेट्या पोचल्या होत्या, पण आठवड्याभरात आम्ही गूगलच्या पहिल्या पानावरून कुठल्या कुठे गेलो, मे महिना अख्खा समोर असताना. इंग्रजी शोधांपैकी साधारण ३.१ टक्क्यांवर परिणाम होईल असं गूगलने सांगितलं होतं. भावोजी म्हणाले, "मग त्या तीन टक्क्यांत नेमके आपणच कसे?" कसे म्हणजे? हजारच्या हजार लिंकांवर तेच तीन शब्द, 'अल्फान्सो मँगो ऑनलाइन'. माणसं असं लिहितात का? कुणी 'इथे बघा' लिहितो, कुणी साइटचं नाव चुकीचं लिहितो.

ऑक्टोबरमध्ये नको त्या लिंका नाकारायची सोय आली. दिवाळीच्या सुट्टीत भावोजी एकेक डोमेन वाचून दाखवत होते आणि मी फाइलमध्ये टाइप करत होतो. जुगाराची साइट, वजन कमी करायच्या गोळ्यांची साइट, रशियन भाषेतलं काहीतरी. ताईने चिवड्याची बशी ठेवली आणि विचारलं, "ह्या सगळ्यांना आपण पैसे दिले होते?" पण पेंग्विन पुन्हा फिरल्याशिवाय त्याचा उपयोग दिसणार नव्हता, आणि त्याचा पुढचा फेरा २२ मे २०१३ ला झाला. तोवर आंबा उतरणीला लागलेला.

आता माझ्या अभिमानाचं. त्याच साइटवर मी साक्यावर एक पान लिहिलं होतं. कापल्यावर आत पांढरट स्पंजासारखं दिसतं तो साका. बाहेरून कळत नाही, आम्हालाही कळत नाही, निघाला तर फोटो पाठवा, बदली आंबा देऊ. भावोजी भडकले होते, "सोनार कधी दुकानावर घटीची पाटी लावतो का?" त्या एका पानाला आपणहून बारा लिंका आल्या. त्यातली एक न्यू जर्सीतल्या मराठी बाईंच्या पाककृतींच्या साइटवरून, आमरसाच्या पानावर. एकही मागितलेली नव्हती. पुढे साइट सावरली ती त्याच पानाच्या जिवावर, असं माझं ठाम मत आहे.

थोडं मागे घेतो. २०११ चा हंगाम त्या विकतच्या लिंकांवर चांगला गेला होता, खोटं कशाला बोलू. हिरवी पट्टी २०१६ मध्ये बंद झाली. पेजरँक आजही आत वापरात आहे, पण अनेक गोष्टींतली एक म्हणून. आणि २०१६ पासून पेंग्विन बहुतेक वेळा शिक्षा न करता भिकार लिंका मोजतच नाही, म्हणजे तुमची साइट बुडेलच असं नाही, पाच हजार मात्र नक्की बुडतील. होमस्टेसाठी तर नकाशावरची नोंद आणि तिथले अभिप्राय आधी बघा.

बाकी, दाभोळ-धोपावे फेरीबोटीने गाडी घेऊन तुमच्याकडे कसं यायचं, यावर फोटोंसकट नीट पान लिहा. आणि पावसात तुमच्याकडे लाइट जात असेल तर तेही लिहा.

भावोजी, हे तुम्ही वाचणार हे मला माहीत आहे. २०११ चं मी वर मान्य केलंय. आता साक्याच्या पानाचं तुम्ही बोला.