साहित्यावर आधारलेलं घरचं शिक्षण: प्रत्यक्षात आठवडा कसा जातो?

तुमचा मुलगा साडेसात वर्षांचा आहे, त्याला घरीच शिकवायचं ठरलंय, पाठ्यपुस्तकांऐवजी चांगलं साहित्य मध्यभागी ठेवायचंय आणि चाळीसेक पुस्तकांची यादीही तयार आहे. पण सोमवारी सकाळी नक्की करायचं काय, असं तुम्ही विचारलंय. मी माझ्या मुलीला गेलं दीड वर्ष घरी शिकवतो, ती आता आठ वर्षांची आहे. आमचा मागचा आठवडा जसा गेला तसा सांगतो, बिघडलेल्या दिवसासकट.

आधी त्या यादीबद्दल. चाळीसातलं एक पुस्तक बाहेर ठेवा आणि बाकीची कपाटात जाऊ द्या. सुरुवातीला मी दिवसाला चार-पाच पुस्तकांतलं थोडं थोडं वाचून दाखवायचो. महिन्याभराने लक्षात आलं की तिला एकाही पुस्तकातलं माणूस नीट ओळखीचं झालेलं नाही. आता एकच मोठी कादंबरी असते. रोज साधारण वीस मिनिटं, मी मोठ्याने वाचतो. ती दीड-दोन महिने पुरते. मुलगी स्वतः वाचते ती पुस्तकं वेगळी आणि सोपी असतात. या वयात मुलांना ऐकून जेवढं समजतं तेवढं स्वतः वाचून समजत नाही, कारण अक्षरं जुळवण्यातच बरीच शक्ती जाते. म्हणून दोन्हींसाठी एकच पुस्तक वापरलं, तर एक तर ऐकणं फार सोपं होतं नाही तर वाचणं फार अवघड.

सध्याची कादंबरी दीपगृहाच्या रखवालदाराच्या मुलाची आहे. सोमवारी आम्ही त्यातलं अर्धं प्रकरण वाचलं, पुस्तक मिटलं आणि मी म्हटलं, "आता तू सांग." सगळ्या आठवड्याचा कणा हाच. ही पद्धत शार्लट मेसन (१८४२–१९२३) या इंग्लंडमधल्या शिक्षणतज्ज्ञ बाईंची. त्यांनी १८९२ मध्ये ॲम्बलसाइडला मुलांना शिकवणाऱ्यांसाठी प्रशिक्षणसंस्था काढली होती. त्यांचं म्हणणं असं: उतारा एकदाच वाचायचा आणि मग मुलाने तो आपल्या शब्दांत सांगायचा. सहा वर्षांखालच्या मुलाकडून हे मागायचं नाही, आणि आठ वर्षांखालच्या मुलाचा कुठलाही धडा वीस मिनिटांपलीकडे ताणायचा नाही.

"एकदाच" हे मला आधी कठोर वाटलं होतं. पण पुन्हा वाचून मिळणार आहे हे कळलं की मूल पहिल्यांदा अर्ध्या कानानेच ऐकतं. शिवाय, आठवून सांगण्यात स्वतःचंच एक बळ आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. प्रयोग मोठ्या मुलांवरचा आहे, पण घरी मला जे दिसतं त्याच्याशी तो जुळतो.

मंगळवारी गोष्टीतल्या दिव्याने सकाळ व्यापली. एवढासा तेलाचा दिवा इतक्या लांबून कसा दिसतो, असं तिने वाचनाच्या मध्येच विचारलं. मी वाचन थांबवलं नाही. प्रश्न कागदावर टिपून ठेवला. (ही सवय जरूर लावून घ्या. गोष्ट सारखी थांबली की ती गोष्ट राहत नाही.) नंतर आम्ही वाचनासाठी मिळते तशी प्लॅस्टिकची पातळ भिंगपट्टी घेतली. तिच्यावर बोट फिरवलं की गोल गोल कंगोरे लागतात. प्रकाश वळतो तो काचेच्या पृष्ठभागावर, मग मधली जाडी कशाला हवी? म्हणून फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने भिंगाची कडी-कडी केली. १८२३ मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआँ दीपगृहात असं भिंग पहिल्यांदा बसलं. दिव्याचा चहूकडे पांगणारा उजेड त्याने एका दिशेला गोळा केला. मग प्रश्न आला की दीपगृह उंचच का. पृथ्वी म्हणून चेंडू घेतला आणि त्यावर काडी उभी धरून पाहिली. सपाट समुद्रापाशी उभ्या असलेल्या तिच्याएवढ्या मुलीला क्षितिज जेमतेम ४ किलोमीटरवर दिसेल. ३० मीटर उंचीवरून ते साधारण २० किलोमीटरवर जातं. वर्गमूळ तिला अजून येत नाही, तो हिशेब मी केला. चेंडू मात्र तिने दुपारभर सोडला नाही.

गणिताचं एवढंच सांगतो: ते गोष्टीतून शिकवायचा हट्ट धरू नका. आम्ही ते रोज सकाळी वेगळं, वीस मिनिटं, सरळ गणित म्हणूनच करतो.

बुधवार बिघडला. प्रकरणात वादळ होतं, म्हातारा रखवालदार तापाने पडलेला, मुलाला एकट्याने दिव्याची काच पुसून वात पेटती ठेवायची होती. वाचून झालं, मी "सांग" म्हटलं, आणि ती म्हणाली, "आठवत नाही." मला ते खरं वाटलं नाही. मी प्रश्न विचारायला लागलो: कोण आजारी पडलं? वादळ कधी आलं? मुलाने काय केलं? तिने प्रत्येकाचं एका शब्दात उत्तर दिलं, सगळी बरोबर. आणि शेवटी पुस्तक माझ्याकडे सरकवून ती उठून गेली. ती उत्तरं बरोबर असण्याचा मला काही उपयोग नव्हता. प्रश्न विचारले की गोष्टीतलं महत्त्वाचं काय हे मी ठरवतो. सांगायला दिलं की ते ती ठरवते. हा फरक मला माहीत होता, तरी त्या दिवशी माझं भान सुटलं.

संध्याकाळी ती धाकट्या भावाला तेच प्रकरण सांगताना मला ऐकू आली. तिने सुरुवात वादळापासून केली नव्हती, काचेपासून केली होती. "काजळी धरली की उजेड आत असतो पण बाहेर येत नाही," असं ती त्याला समजावत होती. "काजळी" हा शब्द तिला दोन दिवसांपूर्वी माहीत नव्हता. ताप, वादळ, होड्या हे सगळं नंतर आलं. गुरुवारी मी अर्धं पानच वाचलं आणि भावाला शेजारी बसवलं. ऐकणाऱ्याला गोष्ट खरोखरच ठाऊक नसेल तर सांगण्याला काही अर्थ असतो. मी तर तिच्यासमोरच वाचलेली असते.

लिहिण्याचं काम त्याच पुस्तकातून निघतं. सोमवार ते गुरुवार रोज दहा मिनिटं अनुलेखन: दोनच ओळी, बघून, सावकाश. शुक्रवारी त्याच ओळींचं श्रुतलेखन. या वेळच्या ओळींत "दर्या" होता, आणि तिने तो "दऱ्या" असा उतरवला. मी तांबडी रेघ मारली नाही. दोन्ही शब्द मोठ्याने म्हणायला लावले. "दर्या" म्हणताना "द" वर जोर पडतो, "दऱ्या" म्हणताना पडत नाही. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. मग तिनेच शोध चालू केला: सूर्य, वाऱ्याने, कार्य, किनाऱ्यावर. आचार्यांना आणि आचाऱ्यांना ही जोडी मी पुरवली, तर त्यावर तिने शिक्षकाच्या हाती झारा दिलेलं चित्र काढलं. शुद्धलेखनाच्या वहीतून हे निघालं असतं असं मला वाटत नाही. शब्द गोष्टीतून आला होता, म्हणून तो चुकण्याचं तिला वाईट वाटलं.

कविता आठवड्याला एक. रोज तीच, एकदा, मोठ्याने. अर्थ सांगायचा नाही. शनिवारपर्यंत ती आपोआप तोंडी येते. शनिवारी दुसरं काही ठरलेलं नसतं आणि रविवारी मी फक्त तिने मागितलं तर वाचतो. या रविवारी मागितलं नाही.

सगळं मिळून दिवसाला दोन तास होतात, त्याहून जास्त नाही. उरलेल्या वेळात ती काय करते याची नोंद मी सुरुवातीला ठेवायचो, आता ठेवत नाही.

तुमच्या पहिल्या सोमवारी एवढंच करा: यादीतलं तुम्हाला स्वतःला सगळ्यात आवडलेलं पुस्तक घ्या, एक पान वाचा, मिटा, "सांग" म्हणा. तो तीन वाक्यं सांगेल. तो बोलत असताना मध्ये दुरुस्ती करू नका, नावं चुकली तरी. नावं पुढच्या पानावर पुन्हा येतातच.