डोळ्याखालची फूट राखू नका: संत्रा कलमांच्या प्रश्नांना उत्तरे

“साहेब, दोन वर्षांचं कलम हाये. डोयाच्या खालून फूट निंगाली, वरच्यापेक्षा लय जोरात हाये. कृषी केंद्रवाला म्हणते राहू द्या, झाड डेरेदार होते. ठेवू का काढू?”

काढा. आजच काढा. विदर्भातल्या संत्रापट्ट्यात वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड, कुठेही जा, दर पावसाळ्यात हा प्रश्न येतो आणि दर वर्षी कुणीतरी दुकानदाराचं ऐकून फसतो. ती फूट संत्र्याची नाही, जंबेरीची, म्हणजे काटेरी, आंबट लिंबाच्या जातीची आहे. आपण जंबेरीच्या खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या रोपावर, संत्र्याचा डोळा, म्हणजे कळीसह सालीचा तुकडा भरतो. म्हणून डोळ्याच्या वर संत्रा आणि खाली जंबेरी. डोळा खुंटाला कितीही घट्ट जुळला तरी खालचा भाग संत्रा होत नाही. खालची फूट मुळाजवळची, सगळा रस आधी तीच ओढते. चार वर्षांनी संत्रा वाळतो आणि तुम्ही आंबट जंबेरीला पाणी देत बसता. अशा बागा मी पाहिल्या आहेत. मालक म्हणतो बियाणं खोटं निघालं. खोटं काही नव्हतं, फूट वेळेवर मोडली नाही एवढंच.

ओळखायला सोपं आहे. फुटीचा उगम बघा, डोळ्याच्या जोडाखाली असेल तर जंबेरी. काटे जास्त, कोवळा शेंडा जांभळट, आणि पान चुरगाळलं की वास संत्र्याचा येत नाही. कोवळी असतानाच हातानं उपटून काढा. कात्रीनं खुंटी ठेवून कापली तर तिथूनच पुन्हा चार फुटतात. फूट जाड झाली असेल तर बुडाशी खोडालगत कापून जखमेवर बोर्डो मलम लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. पावसाळ्यात दर पंधरवड्याला बागेत या एका कामासाठी फेरी मारा.

वरचा संत्रा पूर्ण वाळला असेल तर मात्र झाड उपटू नका. खालची एक सरळ फूट ठेवा, बाकी काढा. ती पेन्सिलीएवढी जाड झाली की दिवाळीनंतर ते जानेवारीपर्यंत, साल सहज सुटत असताना, तिच्यावर नवा डोळा भरून घ्या. साल सुटत नसेल त्या दिवशी डोळा भरूच नका, कामगार घरी पाठवा. डोळाकाडी, म्हणजे जिच्यावरून डोळा काढतो ती फांदी, चांगल्या उत्पादनाच्या, निरोगी झाडाचीच. डोळ्यातून गोडी येते तसा झाडातला रोगही येतो, आणि ट्रिस्टेझा (विषाणूचा) किंवा ग्रीनिंग (जिवाणूचा) रोग एकदा आला की त्याला कोणतीही बाटली चालत नाही.

“कलमं लावल्यावर मुळं फुटायची पावडर आणि टॉनिक दिलं. दुप्पट दिलं तर लवकर लागेल असं दुकानात सांगितलं.”

हे मी मागेही सांगितलं, पुन्हा सांगतो: कलमाला मुळाची पावडर लागत नाही. मुळं जंबेरीची आहेत, ती आधीच आहेत. ही पावडर छाट कलमासाठी, म्हणजे मुळं नसलेल्या काडीसाठी असते आणि तिथेही मात्रा चिमटीएवढी. जास्त झाली की हेच संप्रेरक मुळाची वाढ थांबवतं. तण मारायचं टू-फोर-डी याच कुळातलं आहे, यावरून दुप्पट मात्रेचा अर्थ काढा. दुकानदाराला माल विकायचा आहे, झाड तुमचं मरतं. दिलंच असेल तर आणखी काही देऊ नका, युरिया तर मुळीच नाही. नवी पालवी येईपर्यंत थांबा.

“कलम खोल लावलं तर वाऱ्यानं हलत नाही, खरं का?”

हलत नाही, पण डिंक्यानं, म्हणजे साल कुजून डिंक गळायच्या रोगानं मरतं. जोड जमिनीपासून किमान एक वीत वर हवा. आपल्या काळ्या जमिनीत पाणी साचतं, माती संत्र्याच्या सालीला लागली की फायटोफ्थोरा बुरशी चढते. वखरणीत माती बुडाशी येते, ती दर वेळी बाजूला करा. वाऱ्यासाठी काठी बांधा. माझा आग्रह एकच: भारी जमिनीत खड्डा करून नाही, गादीवाफ्यावर, म्हणजे उंच केलेल्या वाफ्यावर लावा. आणि नवी पन्हेरी (रोपवाटिका) करत असाल तर जंबेरीपेक्षा रंगपूर लाईम या लिंबूवर्गीय जातीचा खुंट घ्या, तो पाण्याचा ताण आणि मूळकूज दोन्ही जास्त सोसतो.

“मग लिंबू बियांपासून का चालतं?”

कागदी लिंबाच्या एका बीतून दोन-तीन रोपं येतात. त्यातली बहुतेक परागाशिवाय, आईच्याच पेशीतून वाढलेली, हुबेहूब आईसारखी असतात. जंबेरीचंही तसंच, म्हणून तर तिचा खुंट एकसारखा मिळतो. पन्हेरीत फार खुजी आणि फार वेगळी दिसणारी रोपं मात्र निवडून फेका, ती परागातून आलेली असतात. संत्र्याचं बी लावलं तर झाड काटेरी होतं, फळाला फार वर्षं थांबावं लागतं, आणि खाली जंबेरीसारखं सोशिक मूळ नसतं.

अनुदानाचं थोडक्यात: भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत रक्कम तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के मिळते; दुसऱ्या वर्षी 80, तिसऱ्या वर्षी 90 टक्के झाडं जिवंत लागतात. अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर. कलमं मान्यताप्राप्त रोपवाटिकेतूनच घ्या आणि पावती जपा. गाडीवर आलेली स्वस्त कलमं घेऊ नका. जोड कुठे आहे हे विकणाऱ्यालाच दाखवायला सांगा, वीतभर वर नसेल तर परत करा.