वाचकांचे प्रश्न : नम्र म्हणजे गप्प बसायचं का?

प्रश्न : सलाम ताई. मी नगर जिल्ह्यातला, वय ३४. गेली ११ वर्षं आमच्या मंडळीत संडे स्कूल घेतोय, ख्रिसमसची नाटकं बसवतो, व्हीबीएसला (सुट्टीतली मुलांची बायबल शाळा) नोकरीवर रजा टाकतो. यंदा तरुण संघाचा सेक्रेटरी निवडायचा होता, सगळे म्हणत होते तुझंच नाव येणार, पण कमिटीने दोनच वर्षांपूर्वी आलेल्या एका भावाला घेतलं, त्याचे चुलते कमिटीवर आहेत. पाळकसाहेबांना विचारलं तर म्हणाले, नम्र हो, देवाची वेळ असते. ताई, आता हे वाक्य ऐकलं की डोकं फिरतं. नम्र म्हणजे गप्प बसायचं का? आणि किती वर्षं? दुसऱ्या चर्चला जाऊ का असं मनात येतंय.

उत्तर : दादा, सलाम. तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि पहिल्यांदा हे सांगते की तुम्हाला वाईट वाटलं यात काही पाप नाही. ११ वर्षं दर रविवारी पोरांच्या आधी येऊन सतरंज्या अंथरणाऱ्या माणसाला कुणी विचारलंच नाही तर लागतंच मनाला.

आता तुमचा खरा प्रश्न. मला वाटतं आपल्या मंडळ्यांमध्ये लीन आणि दीन या दोन शब्दांची पार गल्लत झालीये. लीन माणूस देवापुढे वाकतो, दीन माणूस सगळ्यांपुढे वाकतो कारण त्याला वाटतं आपली काही किंमतच नाही. प्रभूचा शिष्य पेत्र आपल्या पहिल्या पत्राच्या ५ व्या अध्यायात सांगतो की देवाच्या पराक्रमी हाताखाली लीन व्हा म्हणजे तो योग्य वेळी तुम्हाला उंच करील. हात देवाचा आहे, कमिटीचा नाही, हे त्या वचनातच आहे आणि आपण नेमकं तेच विसरतो. आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायात प्रभू येशू शिष्यांचे पाय धुतो ना, त्याच्या आधीची ओळ बघा. आपण देवापासून आलो आणि देवाकडे चाललोय हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि मग तो उठला, कमरेला रुमाल बांधला. म्हणजे स्वतःला कमी समजून नाही, आपण कोण हे ठाऊक होतं म्हणून त्याला खाली बसता आलं.

आणि गप्प बसण्याचं म्हणाल तर योसेफ गप्प बसला नव्हता. १७ वर्षांचा असताना भावांनी विकलं, मालक पोटीफराच्या बायकोने खोटा आळ घेतला, तुरुंगात गेला, आणि तिथे कैदेत असलेल्या प्यालेबरदाराला (राजाला पेला देणारा नोकर) स्वप्नाचा अर्थ सांगितल्यावर तो सरळ म्हणाला की बाबा, तुझं बरं झालं की माझी आठवण ठेव, फारो राजाला माझं सांग, मी इथे कोठडीत टाकावं असं काहीच केलेलं नाही. हे उत्पत्तीच्या ४० व्या अध्यायात आहे. स्वतःवरचा अन्याय त्याने स्वतःच्या तोंडाने, साध्या शब्दात सांगितला, आरडाओरडा नाही, कुणाची बदनामी नाही. प्रभूने सुद्धा चपराक बसल्यावर विचारलं की मी वाईट बोललो असेन तर दाखव, नाहीतर मला का मारलंस. आणि प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरात काय केलं, अधिकाऱ्यांनी चौकशी न करता फटके मारले आणि मग गुपचूप सोडायला निघाले, तर तो म्हणाला असं नाही चालणार, त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. या तिघांना कोण गर्विष्ठ म्हणेल?

म्हणून तुम्ही विचारा. निवड कशी झाली, नावं कुणी सुचवली, मतदान झालं का, चुलते त्या मीटिंगमध्ये बसले होते का, हे एका साध्या पत्रात लिहून कमिटीला द्या. त्याच्या आधी पाळकसाहेबांना एकट्याने भेटा, मत्तयाच्या १८ व्या अध्यायात तसाच क्रम आहे, आधी एकट्यात, मग एकदोन जण बरोबर घेऊन, मग मंडळी. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, स्टेटसला वचन ठेवून टोमणा तर अजिबात मारू नका, ते वचन देवाचं आहे, आपल्या भांडणात दगड म्हणून फेकायला दिलेलं नाही. आणि पाळकसाहेबांना आदराने हेही सांगा की देवाची वेळ असते हे खरंय, पण माणसांनी घेतलेल्या निर्णयाचा जबाब माणसांनीच द्यायचा असतो. मी हे जरा कडक लिहितेय कारण खूप ठिकाणी हे वाक्य प्रश्न बंद करायला वापरलेलं मी पाहिलंय, आणि त्याने माणसं कमिटीवर नाही, देवावरच रागावतात.

विचारलंत, उत्तर मिळालं, कदाचित नाही मिळालं. तिथून पुढे खरं थांबणं सुरू होतं, आणि ते अवघड आहे. प्यालेबरदार योसेफाला विसरला, पुरती दोन वर्षं. योसेफ फारोसमोर उभा राहिला तेव्हा ३० वर्षांचा होता, म्हणजे विकल्यापासून १३ वर्षं गेली. पण त्या वर्षांत तो काय करत होता? पोटीफराच्या घरचा कारभार, मग तुरुंगाचा कारभार, आणि सकाळी कैद्यांची तोंडं उतरलेली दिसली तर आज असे का दिसताय म्हणून विचारपूस. स्वतःची स्वप्नं तशीच पडून असताना तो दुसऱ्यांच्या स्वप्नांचा अर्थ सांगत बसला होता. मला योसेफाच्या गोष्टीत राजवाड्यापेक्षा ही सकाळची विचारपूस जास्त आवडते. आपण मराठीत वाट पाहणं म्हणतो ते किती बरोबर आहे बघा. लेक माहेरी यायची असते तेव्हा आई वाटेकडे डोळे लावते पण हात रिकामे नसतात, पुरण शिजत असतं, अंगण झाडून झालेलं असतं.

आणि एक गोष्ट स्वतःची सांगते. मी ज्या शाळेत शिकवत होते तिथे सुपरवायझरची जागा निघाली, सीनियर मी होते, मिळाली दुसऱ्या बाईंना. त्याही आमच्याच मंडळीतल्या. दोन महिने मी प्रभुभोजनाला पुढे गेले नाही, कारण त्या माझ्याच रांगेत यायच्या आणि मला त्यांच्या बाजूला गुडघे टेकवेनात. घरी सांगायचे पाय दुखतात. शेवटी एका संध्याकाळी त्यांच्या घरी गेले आणि सरळ म्हटलं, मला तुमचा राग येतो. त्या रडायलाच लागल्या, म्हणाल्या मी अर्जसुद्धा केला नव्हता, बोलावून दिलंय, आणि मला ते काम जमत नाहीये. त्या दिवसानंतर टाइमटेबल आम्ही दोघी मिळून लावायचो. ती जागा मला रिटायर होईपर्यंत मिळाली नाही. हे मुद्दाम सांगतेय, कारण देवाची वेळ म्हणजे आपल्याला हवं ते जरा उशिरा मिळणं असं आपण धरून चालतो, आणि तसं दरवेळी होत नाही. मोशेने नबो डोंगरावरून देवाने वचन दिलेला देश पाहिला, आत गेला नाही.

आपल्या मातीतलं उदाहरण पाहिजे तर पंडिता रमाबाईंचं घ्या. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांना पंडिता आणि सरस्वती म्हटलं, संस्कृत ज्यांच्या तोंडात खेळायचं, त्या बाई केडगावला आपल्या मुक्ती मिशनमध्ये बसून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि आख्खं बायबल मराठीत आणलं, ते पण मुद्दाम सोप्या मराठीत, कारण त्यांना ते शिकलेल्यांसाठी नाही, नुकत्याच अक्षरं लावायला लागलेल्या बायांसाठी हवं होतं. एवढ्या विद्वान बाईने आपली विद्वत्ता भाषेत दिसू द्यायची नाही असं ठरवणं, याच्यापेक्षा मोठी नम्रता मला तरी माहीत नाही. वर्षानुवर्षं ते काम चाललं. १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई स्वतः गेल्या, आणि ते संपूर्ण बायबल छापून बाहेर आलं १९२४ साली. पूर्ण पुस्तक त्यांच्या हातात पडलं नाही. पण छापखान्यात काम करणाऱ्या मुक्तीच्या बाया शिकल्या, वाचायला लागल्या, ते त्या रोज बघत होत्या.

दुसऱ्या चर्चला जायचं तर जा, तो गुन्हा नाही, पण रागाच्या भरात जाऊ नका. पत्र द्या, पुढच्या ईस्टरपर्यंत थांबा, तोवर संडे स्कूल घ्या, आणि प्रामाणिकपणे बघा की पद नसताना तुम्हाला त्या पोरांमध्ये बसायला अजून आवडतं का. नसेल आवडत तर थोडे दिवस सुट्टी घ्या, त्यात कमीपणा नाही. आणि तो नवा सेक्रेटरी, त्याच्याशी एकदा चहा प्या. कदाचित त्यालाही जमत नसेल.

प्रश्न : ताई, लग्नाला ९ वर्षं झाली. मी दर रविवारी मुलांना घेऊन चर्चला जाते, मिस्टर येत नाहीत, मुद्दाम झोपून राहतात. उपास केले, प्रार्थनेला नाव दिलं, सगळं केलं. आता माझीच चिडचिड होते आणि रविवारी घरात हमखास भांडण. देव ऐकत का नाही?

उत्तर : बाई गं, तुझ्या पत्रातला रविवार मला डोळ्यासमोर दिसला, मुलांचे बूट सापडत नाहीत, पहिली घंटा झाली, आणि तू स्वयंपाकघरातून भांडी आपटतेस. खरं सांग, त्या भांड्यांच्या आवाजात त्यांना प्रभूचं बोलावणं ऐकू येईल का?

आपल्याकडे कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या डोक्यावर आभाळ कोसळलं, त्या नातेवाइकांकडे राहिल्या, नवरा बायकोची ताटातूट झाली. पुढे त्या नगरला त्यांच्याजवळ आल्या तरी आपलं सोवळंओवळं, आपला स्वयंपाक वेगळा सांभाळून राहिल्या. त्या काळात नवऱ्याचा शब्द म्हणजे हुकूम, टिळकांना दडपण आणणं सहज शक्य होतं. तसं त्यांनी केलं नाही. पाच वर्षं गेली, आणि १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या पायांनी येऊन बाप्तिस्मा घेतला, जातपात मनातून गळून पडल्यावर. टिळक गेल्यावर त्यांचं अर्धवट राहिलेलं ख्रिस्तायन, म्हणजे ख्रिस्ताच्या जीवनावरचं काव्य, याच बाईंनी पुढे लिहून काढलं. ढकलून आणलेल्या माणसाकडून असं काही होत नाही.

देव ऐकत नाही असं मी म्हणणार नाही. पण तुझ्या मिस्टरांना त्याने मन दिलंय आणि ते मन तो मोडून आत शिरणार नाही, मग आपण का शिरायचं? नम्रता इथे अशी की त्यांचा पवित्र आत्मा व्हायचं काम तू सोडून दे, ती तुझी ड्यूटी नाही. सहा महिने चर्चचा विषयच काढू नकोस. आल्यावर उपदेशात काय झालं ते त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मुलांना सांगू नकोस (मी हे पण केलंय, उपयोग शून्य). आणि कधीतरी निवांत असताना विचार, की तुम्हाला तिथे जावंसं का वाटत नाही, आणि मग मध्ये न बोलता ऐकून घे. कुणीतरी कधी तरी चर्चमध्येच दुखावलेलं असतं, खूपदा असं निघतं.

एक मात्र, मारहाण होत असेल, पैसे काढून घेत असतील, तर वरचं काहीही तुला लागू नाही. तेव्हा थांबायचं नसतं, माहेरी किंवा विश्वासातल्या माणसाकडे जायचं आणि पोलिसांची मदत घ्यायची.

प्रश्न : देवाची वेळ आली हे ओळखायचं कसं? दार उघडलं म्हणजे देवाची इच्छा असं समजायचं का?

उत्तर : दरवेळी नाही. १ शमुवेलमध्ये दोन गोष्टी जवळजवळ आहेत त्या एकत्र वाचा. १३ व्या अध्यायात शौल राजा शमुवेल संदेष्ट्यासाठी सात दिवस थांबला, लोक पांगायला लागले, शत्रू पलिष्टी समोर, त्याला धीर निघेना, आणि शमुवेलाने येऊन करायचा होम त्याने स्वतःच करून टाकला. होम संपतो न संपतो तोच शमुवेल आला. सात दिवस थांबलेल्या माणसाचं सगळं शेवटच्या तासाभरात गेलं, आणि आपलंही बहुतेक वेळा असंच जातं, सुरुवातीला नाही, अगदी कंटाळून गेल्यावर.

आणि २४ व्या अध्यायात दावीद. राजा म्हणून अभिषेक होऊन बरीच वर्षं झालेली, राज्य मिळायचंय, उलट शौल त्याला मारायला रानोमाळ फिरतोय. एन-गेदीच्या गुहेत दावीद आत लपलेला आणि शौल नेमका त्याच गुहेत एकटा आला. बरोबरची माणसं म्हणाली, हाच तो दिवस, परमेश्वरानेच शत्रू तुझ्या हाती दिलाय. दार याहून जास्त उघडं असू शकत नाही! पण त्या दारातून जायला एका माणसाचा जीव घ्यावा लागणार होता. दावीदाने फक्त शौलाच्या झग्याचा काठ कापला, आणि पुढे लिहिलंय की तेवढ्यानेही त्याचं मन त्याला खात राहिलं. मग तो बाहेर गेला आणि शौलाला लांबून हाक मारली, माझे स्वामी महाराज, म्हणून.