ग्लीन म्हणजे सरवा वेचणं

प्रश्न असा आलाय की इंग्रजी बातमीत 'रिपोर्टमधून माहिती ग्लीन केली' असं वाचलं, डिक्शनरी उघडली तर शेतीचा अर्थ निघाला, मग हे हार्वेस्टसारखंच काही आहे का, आणि क्लीनशी काही नातं आहे का?

क्लीनशी काहीएक संबंध नाही, यमक जुळतं एवढंच. ग्लीन आला जुन्या फ्रेंचमधून, त्याच्यामागे उशिराच्या काळातली लॅटिन आणि तिच्याही मागे बहुतेक गॉल म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या लोकांची केल्टिक भाषा. म्हणजे रोमनांनी गॉल जिंकला खरा पण हा शब्द मात्र हरलेल्यांकडूनच उचलला! हार्वेस्टचं खानदान वेगळं, तो मुळात ऋतूचा शब्द, शरद ऋतूचा, जर्मनमध्ये हेर्ब्स्ट म्हणजे आजही शरदच.

आता अर्थ. कापणी करतो त्याचं काम रीप किंवा हार्वेस्ट. तो पुढे गेल्यावर मागे ज्या ओंब्या, जे दाणे पडून राहतात ते वाकून वाकून वेचणं म्हणजे ग्लीन. आपल्याकडे याला चक्क शब्द आहे, सरवा. भुईमूग काढून झाला की बायका-पोरं मातीत राहिलेल्या शेंगा उकरून वेचतात ना, तोच सरवा. मराठी बायबलात रूथ नावाची गरीब विधवा बोआज या जमीनदाराच्या शेतात कापणाऱ्यांच्या मागून जाते तिथेही सरवाच आहे. मोशेच्या नियमशास्त्रात तर शेतमालकाला सांगितलंय की कोपरे पार कापू नकोस, पडलेलं उचलू नकोस, ते गरिबाचं आणि परक्याचं. संस्कृतात यालाच उंछ म्हणतात, आणि वैशेषिक दर्शन मांडणाऱ्या ऋषींचं कणाद हे नाव असेच कण वेचून खाण्यावरून पडलं असं परंपरा सांगते.

इंग्लंडात खेड्यातल्या गरीब बायका-मुलांचा हा हक्कच समजला जायचा. बऱ्याच गावांत सकाळ-संध्याकाळ चर्चची घंटा वाजायची, त्या दोन घंटांच्या मधेच वेचायचं, म्हणजे लवकर उठणारीने सगळं लुटून नेलं असं व्हायला नको. शेतात एक पेंढी उभी ठेवलेली असेल तर अजून आत शिरायचं नाही, ती हलली की रान मोकळं. पण 1788 साली स्टील विरुद्ध हॉटन खटल्यात कोर्टाने सांगून टाकलं की कायद्याने असा काही हक्क नाही. सफोकमधल्या मेरी हॉटन नावाच्या बाईवर जमीनमालकाने दावा लावला होता. निकाल विरोधात गेला तरी बायका काही घरी बसल्या नाहीत, प्रथा पुढेही बरीच वर्षं चालूच राहिली, आणि मला तरी यात बायकांचंच बरोबर वाटतं.

माहितीसाठीचा वापर काही आजचा नाही, मध्ययुगापासूनचा आहे, पण चित्र तेच, कुणीतरी आधीच मुख्य पीक नेलंय आणि तुम्ही मागे राहिलेलं कणाकणाने गोळा करताय. म्हणून जुन्या पत्रांतून, दहा जणांच्या बोलण्यातून, पानाच्या तळटिपांतून जे हाती लागतं त्याला ग्लीन शोभतो. अख्खा डेटा एका दमात ओढून घेतला तर ते हार्वेस्ट. मराठीत लिहिताना 'वेचून काढली' किंवा 'टिपली' म्हणा, 'मिळवली' म्हटलं की त्यातलं वाकणंच जातं. आणि गूगलवर एका क्लिकमध्ये सापडलेल्या पिनकोडला कृपा करून ग्लीन लावू नका.