चित्रीकरणासाठी स्वस्त एलईडी ट्यूब : खोक्यावरचा आकडा आणि घरातली पारख

प्रश्न : चतुर्थीच्या दिवसांत आमच्या वाड्यावरील घरांतून माटोळी (गणपतीवर टांगलेली फळाफुलांची आरास) आणि घुमटाच्या साथीने म्हटल्या जाणाऱ्या घुमट-आरत्या यांचे चित्रीकरण मी हौसेने करतो. उजेड अपुरा पडतो, म्हणून आत बॅटरी असलेली दोन फुटी, स्वस्तातली एलईडी व्हिडिओ ट्यूब घ्यावी असे मनात आहे. खोक्यावर ‘सीआरआय ९५ हून अधिक’ असे छापले आहे. त्यावर विश्वास ठेवावा का? आणि घरातल्या २० वॅटच्या ट्यूबलाइटने हेच काम होणार नाही का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. नुसत्या उजेडाचा हिशेब केला, तर घरातली २० वॅटची चार फुटी एलईडी ट्यूब ही बॅटरीवर चालणाऱ्या दोन फुटी व्हिडिओ ट्यूबपेक्षा बहुतेक वेळा सरसच ठरते. आपण जास्तीचे पैसे मोजतो ते रंग खरे दिसावेत, चित्रात पट्टे उमटू नयेत, प्रकाशाची छटा व तीव्रता बदलता यावी आणि ऐन आरतीत वीज गेली तरी काम थांबू नये यासाठी. म्हणून परीक्षाही याच गोष्टींची घ्यावी.

खोक्यावरचा सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात हे १०० पैकी सांगणारा आकडा, खोटाच असतो असे नाही, पण तो उत्पादकाने स्वतःच स्वतःला दिलेला गुण असतो आणि त्यात एक मोठी पळवाट आहे. हा आकडा आठ फिकट रंगनमुन्यांच्या गुणांची सरासरी असतो. गडद लाल रंगाचा नमुना, ज्याला आर-९ म्हणतात, त्या सरासरीत धरलाच जात नाही. निळ्या डायोडवर फॉस्फर या चमकणाऱ्या पदार्थाचा लेप देऊन पांढरा प्रकाश तयार करताना स्वस्त मालात नेमका हा लाल भागच तोकडा पडतो. तो कमी पडला की सावळ्या त्वचेवर राखेसारखी कळा येते, कुंकू तपकिरी दिसते आणि माटोळीतल्या पिकलेल्या सुपारीच्या घोसाची केशरी झळाळी मंदावते. खोक्यावर आर-९ चा आकडा वेगळा दिलेला असेल आणि तो ९० च्या आसपास असेल, तर ती चांगली खूण समजावी. युरोपीय प्रसारण संघाने २०१२ मध्ये शिफारस केलेला टीएलसीआय हा रंगांच्या खरेपणाचाच निर्देशांक डोळ्याऐवजी दूरचित्रवाणीचा कॅमेरा गृहीत धरून काढला जातो, त्यामुळे आपल्या कामाला तो अधिक जवळचा आहे.

तरीही आकड्यांपेक्षा घरची परीक्षा भरवशाची. एका ताटात कुंकू, हळद, विड्याचे पान आणि पिकलेली सुपारी मांडावी, शेजारी स्वतःचा हात ठेवावा आणि दुपारी अंगणातल्या सावलीत त्याचे चित्र घ्यावे. मग अंधाऱ्या खोलीत, ट्यूब ५६०० केल्विनवर (केल्विन हे प्रकाशाच्या छटेचे माप; आकडा कमी तितकी छटा पिवळसर, जास्त तितकी निळसर) ठेवून, तेच ताट पुन्हा टिपावे. दोन्ही वेळा पांढऱ्या कागदावर कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स नव्याने बसवावा. व्हाइट बॅलन्स साऱ्या चित्रावरची एकसारखी झाक काढून टाकतो, परंतु प्रकाशात जो रंग मुळातच नाही तो त्याला आणता येत नाही. म्हणून दोन चित्रांत जो फरक उरेल तो ट्यूबचा दोष होय. दोन ट्यूब घेणार असाल, तर एकाच मापावर लावून दोन्हींचा उजेड शेजारी शेजारी पांढऱ्या भिंतीवर पाडावा. एक हिरवट आणि दुसरी गुलाबीसर निघाली, तर ती जोडी परत करावी.

पट्ट्यांचा प्रश्न अधिक फसवा आहे. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे घरातल्या निकृष्ट ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. कॅमेऱ्याचे शटर १/५० सेकंदावर ठेवल्यास ते खपून जाते, १/६० वर मात्र चित्रात पट्टे सरकू लागतात. बॅटरीवरच्या ट्यूबला ही अडचण नाही, म्हणून ती निर्दोष असेल असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बऱ्याच ट्यूब उजेड कमी करण्यासाठी डायोड अतिशय वेगाने चालू-बंद करतात आणि त्याचा वेग पुरेसा नसेल तर पट्टे पुन्हा हजर होतात. पूर्ण उजेडावर केलेली चाचणी येथे निरुपयोगी आहे. शटर १/२००० वर न्यावे आणि उजेड १०० टक्क्यांपासून ५ टक्क्यांपर्यंत हळूहळू उतरवत चित्रीकरण करावे. फोनवरच्या स्लो मोशनमध्येही हे पकडता येते.

आता आकाराविषयी. लांबट दिवा म्हणजे मऊ उजेड, हा समज अर्धाच खरा आहे. उभ्या ट्यूबसमोर भिंतीजवळ पेन्सिल उभी धरा : सावली कडक पडेल; तीच आडवी धरा, सावली विरून जाईल. चेहऱ्याशेजारी ट्यूब उभी लावली की हनुवटीखालची सावली मऊ होते, पण नाकाच्या बाजूची रेघ धारदारच राहते. एका माणसाची मुलाखत घेताना ट्यूब जवळ आणून, मधे पातळ पांढरे कापड ताणून हे निभावते. घुमट, शामेळ आणि कासाळे ही वाद्ये घेऊन उभ्या असलेल्या दहाबारा जणांना मात्र एक दोन फुटी ट्यूब पुरणार नाही. छतावर उजेड मारून पसरवण्याची नेहमीची युक्तीही आपल्याकडच्या मंगळुरी कौलांच्या, काळवंडलेल्या वाशांच्या घरात चालत नाही. तेथे पांढरी चादर बांधून तिच्यावर उजेड मारावा. समईची ज्योत २००० केल्विनच्याही खाली असते, तेव्हा ट्यूब २७०० ते ३००० वर उतरवावी आणि घरमालकाची परवानगी घेऊन डोक्यावरची ६५०० केल्विनची पांढरी ट्यूब बंद करावी.

बॅटरी बदलता येत नसेल, तर चार्जर जोडलेला असतानाही ट्यूब पूर्ण उजेडाने चालते का, हे अवश्य पाहावे. बॅटरी थकल्यावर ट्यूब चार्जरवरच उपयोगी पडेल. ट्रायपॉडला जोडण्याचा आटा धातूचा असावा, प्लास्टिकचा नव्हे.

या परीक्षांत ट्यूब उतरली तर जरूर घ्या, मात्र दुसरा दिवा म्हणून : माटोळीला बाजूने उठाव देण्यासाठी, गायकाच्या मागून खांद्यावर उजेडाची कड आणण्यासाठी.

प्रश्न : साधी पांढरी ट्यूब घ्यावी की रंग बदलणारी आरजीबी?
— एक वाचिका, माशेल

उत्तर : माणसांचे चेहरे हा आपला मुख्य विषय असेल, तर त्याच किमतीत उष्ण व थंड अशा दोन्ही पांढऱ्या छटांची साधी ट्यूब घ्यावी. आरजीबी घ्यायचीच झाल्यास तिच्यात पांढरे डायोड स्वतंत्र आहेत ना, याची खात्री करावी. केवळ लाल, हिरवा व निळा मिसळून केलेला पांढरा प्रकाश डोळ्याला ठीक वाटला तरी त्वचेचा रंग बिघडवतो. रंगीत उजेड मखरामागच्या पडद्यावर टाकावा.