तणाव 'डिफ्यूज' होत नाही, निवळतो

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझी बातमी वाचली. 'दोन गटांतला तणाव पोलिसांनी डिफ्यूज केला' हे वाक्य काढलं आणि लगेच पत्र लिहायला बसलो. चिडलेलो नाही. याच शब्दावर मीही आपटलोय. टेलिप्रिंटरचा काळ, नोकरीचा दुसराच महिना; कोश उघडून 'नेत्यांनी तणाव पसरवला' असं लिहून मोकळा झालो होतो. इंग्रजीत जवळपास सारखे ऐकू येणारे दोन शब्द आहेत. एक defuse, म्हणजे बॉम्बचा फ्यूज काढणं; दुसरा diffuse, म्हणजे पसरवणं. देवनागरीत दोन्ही 'डिफ्यूज'च! पान सुटण्याआधी मुख्य उपसंपादकांनी पकडलं, म्हणून वाचलो.

बॉम्बशोधक व नाशक पथक बॉम्ब 'निकामी' करतं, तिथे तोच शब्द ठेव. तणाव मात्र निवळतो.

निवळीचं बी पाहिलंयस? बटणाएवढं, चपटं. पावसाळ्यात नदीचं गढूळ पाणी आलं की आजी ते सहाणेवर उगाळून घागरीत घालायची आणि मग कुणाला घागर हलवू द्यायची नाही. सकाळी गाळ तळाशी, वर नितळ पाणी. चुन्याची निवळी, निवळलेलं आभाळ, सगळं एकाच कुळातलं. 'वातावरण गढूळ झालं' असं आपण उगाच म्हणत नाही.

'पोलिसांनी तणाव निवळला' हे मराठी नव्हे. 'पोलिसांच्या मध्यस्थीने तणाव निवळला' असं लिही. काही जण 'निवळवला' लिहितात. मला तो भातातल्या खड्यासारखा लागतो. धोका टळतो, पूर ओसरतो, दंगल शमते, भांडण मिटतं.

यातलं 'मिटणं' जपून वापर. मिटलं म्हणजे संपलं; निवळलं तरी गाळ खाली असतोच. २०१७ साली डोकलाममध्ये भारत आणि चीनचे सैनिक ७३ दिवस समोरासमोर होते. २८ ऑगस्टला माघार जाहीर झाली. तेव्हा 'तणाव निवळला' हा मथळा बरोबर होता, 'सीमावाद मिटला' चुकलाच असता. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात त्याच दोन सैन्यांची रक्तरंजित झटापट झालीच.

बातमी परत पाठवतोय. ते दोन गट अजून एकमेकांच्या दुकानाची पायरी चढत नाहीत, असं शेवटच्या परिच्छेदात तूच लिहिलंयस. मग मथळ्यातलं 'वाद मिटला' तेवढं बदल. आठच्या आत.